सिस्टरचा पगार आणि आपला थाट



आपल्या भिशीत, महिला मंडळात, वधू-वर परिचय संमेलनात हल्ली एक प्रश्न हमखास कानावर येतो. मुलगी नर्सिंगला आहे म्हटलं की समोरची काकू नाक मुरडून विचारते, "नर्सच्या पगारात आपल्यासारखं राहणीमान कसं झेपणार?"

उत्तर सरळ आहे, नाही झेपणार. पण ज्या तोऱ्यात हा प्रश्न विचारला जातो, त्यावर मला आज बोलायचं आहे. कारण हा पगार ठरवणारे लोक पुष्कळदा आपल्याच घरात जेवायला बसलेले असतात.

मी बी.कॉम. आहे. चाळीस वर्षं घरखर्चाची वही लिहिते आहे, तेव्हा आधी हिशोब मांडू.

सरकारी नोकरीपासून सुरुवात करते. महाराष्ट्र शासनाच्या अधिपरिचारिकेला, म्हणजे स्टाफ नर्सला, सातव्या वेतन आयोगात ३५,४०० रुपये मूळ पगारापासून सुरुवात मिळते. जुलै २०२४ च्या ५३ टक्के महागाई भत्त्याने ते ५४,१६२ होत होते. घरभाडे भत्ता वेगळा. पेन्शनची वगैरे कपात जाऊन हातात पन्नास हजारांच्या आसपास पडतात. धुळ्याच्या किंवा जळगावच्या शासकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात लागलेल्या मुलीचं यात नीट भागतं. भाडं, किराणा, मुलांची शाळा, थोडी बचत, सगळं होतं. तिला सुखवस्तू म्हणता येईल.

आता "आपल्यासारखं" राहणीमान घ्या. ४० लाखांचं घरकर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी काढलं तर हप्ता सुमारे ३४,७०० रुपये. आठ लाखांचं गाडीचं कर्ज नऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी, हप्ता सुमारे १२,९००. दोन्ही मिळून ४७,६००. सरकारी सिस्टरचा पगार इथेच संपला. अजून गॅस पेटलेला नाही, दूध आलेलं नाही. आणि खरं सांगा, आपल्या घरांतला थाट तरी एका पगारावर चालतो का? तो दुकानावर, वडिलोपार्जित जागेवर आणि बँकेच्या हप्त्यांवर चालतो. मग तो एका नोकरदार मुलीच्या पगारावर का तोलायचा?

शिवाय ही सरकारी नोकरी थोड्यांनाच मिळते. राष्ट्रीय आरोग्य अभियानात कंत्राटी स्टाफ नर्सला साधारण २०,००० रुपये मानधन देतात. मे २०२२ मध्ये राज्यभरातल्या परिचारिका संपावर गेल्या, त्यांचा मुख्य विरोध बाहेरच्या संस्थेमार्फत होणाऱ्या भरतीला होता. कायम नोकरीचं दारच बंद होऊ लागलं, म्हणून त्या रस्त्यावर आल्या.

खासगीची गोष्ट तर सांगायला जड जाते. आपल्या भागातल्या लहान दवाखान्यांत काम करणाऱ्या मुली मला जे आकडे सांगतात, ते दहा ते पंधरा हजारांच्या मधले आहेत. १२,००० धरू. बारा तासांची पाळी, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ३१२ तास. भागाकार करा. तासाला साडेअडतीस रुपये! लग्नातलं एक ताट ६०० रुपयांचं धरलं, तर त्या एका ताटासाठी तिला सलाईन लावत, बेडपॅन उचलत साडेपंधरा तास उभं राहावं लागेल. आणि आपण अर्धं ताट टाकून उठतो.

काय द्यायला हवं, हे कुणी सांगितलंच नाही असं नाही. जानेवारी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नावर समिती नेमायला सांगितली. समितीने शिफारस केली: दोनशेपेक्षा जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयात राज्य सरकारच्या नर्सइतकाच पगार, शंभराच्या वर खाटा असतील तर फार तर दहा टक्के कमी, पन्नास ते शंभर असतील तर फार तर पंचवीस टक्के कमी, आणि पन्नासपेक्षा कमी खाटा असल्या तरी किमान २०,००० रुपये. केरळातल्या नर्सेस संघटित झाल्या, लढल्या आणि २०१८ मध्ये त्यांनी २०,००० किमान वेतनाचा सरकारी आदेश मिळवला. आपल्याकडे अजून बारा हजारांवर "भरपूर देतो" म्हणणारे आहेत.

आपण सुवर्णनगरीतल्या बायका, म्हणून सोन्याच्या भाषेत सांगते. २०१६ च्या सुरुवातीला तोळा २७ हजारांच्या आसपास होता, म्हणजे त्या २०,००० मध्ये सात ग्रॅमच्या वर सोनं यायचं. एप्रिल २०२५ मध्ये तोळ्याने लाख ओलांडला. आता त्याच वीस हजारांत दोन ग्रॅमही येत नाही. आणि ही किमान रक्कमसुद्धा आपल्याकडच्या किती मुलींना मिळते?

हे बोललं की ठरलेली उत्तरं येतात. एकेक घेऊ.

पहिलं उत्तर: "अहो, ही सेवा आहे. सेवेत पैसा बघायचा नसतो." वैयावच्च, म्हणजे वैयावृत्त्य, हे आपल्याकडे आभ्यंतर तपात मोजलं आहे, हे मलाही ठाऊक आहे. पण तप स्वतः करायचं असतं, दुसऱ्याकडून करून घ्यायचं नसतं. तुम्ही उपवास करा, अनुमोदना करीन. मोलकरणीला उपाशी ठेवून तिचा उपवास आपल्या खात्यात कसा मांडता येईल? १२ मे ला फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या फोटोला हार घालणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की १८५३ मध्ये तिने लंडनच्या संस्थेत बिनपगारी काम केलं तेव्हा तिचे श्रीमंत वडील तिला वर्षाला ५०० पौंड देत होते. चोपड्याच्या किंवा साक्रीच्या शेतमजुराच्या लेकीला कोण देतं?

दुसरं उत्तर: "लहान दवाखान्याला परवडत नाही, शेवटी बोजा पेशंटवरच पडतो." यात थोडं तथ्य आहे, म्हणून तेही मोजू. दहा खाटांचा दवाखाना, पाच सिस्टर. प्रत्येकीला आठ हजार वाढवून वीस हजार दिले, तर महिन्याला ४०,००० जास्त लागतील. दहापैकी सहा-सात खाटा भरलेल्या धरल्या, तर महिन्याला सुमारे २०० खाट-दिवस होतात. म्हणजे दर खाटेमागे दिवसाला २०० रुपये. गरीब पेशंटला तेही जड आहेत, मान्य. पण सोनोग्राफी मशीनचा हप्ता थकतो का? विजेचं बिल अर्धं भरतात का? प्रवेशद्वाराचं ग्रॅनाइट परवडतं. सगळी काटकसर एकाच बिलावर होते, कारण ती बाई उलटून बोलत नाही. एवढी वाढ खरोखरच न पेलणारे दवाखाने असतीलही. त्यांनी तसं हिशोब दाखवून सांगावं, ट्रस्ट आणि दानशूर मंडळी आहेतच. एक पाटी कमी लावली तर वर्षाचा फरक निघेल.

तिसरं उत्तर: "मग जावं की परदेशात." जातातच. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. तिथला पगार इथल्या कितीतरी पट आहे. पण तिथे कर, भाडं, नवी भाषा, घरापासूनची दूरता, हेही आहे. आणि सगळ्या गेल्या, तर तुमच्या-माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर रात्री दोनला बेल वाजवल्यावर येणार कोण?

चौथं उत्तर जरा आडून येतं: "आपला धर्म अपरिग्रह सांगतो, थोडक्यात समाधान मानावं." भगिनींनो, याचा मला सर्वांत जास्त राग येतो. परिग्रह-परिमाण हे ज्याच्याकडे आहे त्याने स्वतःला घालून घ्यायचं बंधन आहे. दुसऱ्याच्या ताटाला मर्यादा घालणं हे कुठल्या व्रतात बसतं?

व्रतांचंच बोलायचं, तर अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार आठवा. बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. नोकरी सोडू नये म्हणून मुलीची मूळ प्रमाणपत्रं कपाटात अडकवून ठेवणं, हा बंध नाही तर काय? एका सिस्टरवर वीस पेशंट टाकणं हे अतिभारारोपण. बारा तासांत डबा खायला बसू न देणं हा अन्नपाननिरोध. बैलावर जास्त ओझं लादलं तर पाप लागतं हे आपण लहानपणी शिकलो, मग माणसाला यातून सूट कुणी दिली? आणि कागदावर पूर्ण पगार दाखवून फरक रोखीने परत घ्यायचा, असंही काही ठिकाणी चालतं. खोटं माप वापरणं हा अचौर्याचा अतिचार आहे. तागडी दुकानात असो की दवाखान्यात, पाप तेच.

आता आपलं काम. आपण पगार ठरवत नाही, पण ठरवणाऱ्यांच्या आई, सासू, बायको आणि वहिनी आपण आहोत. ज्यांच्या घरी डॉक्टर किंवा रुग्णालयाचे विश्वस्त आहेत, त्यांनी घरात तीन प्रश्न विचारावेत. आपल्याकडच्या सिस्टरला हातात नेमके किती मिळतात? तिची पाळी किती तासांची? तिचे मूळ कागद तिच्याकडे आहेत का? ज्या मंडळाकडून रुग्णालयाला देणगी जाते, त्यांनी पुढची देणगी मशीनऐवजी पगारासाठी द्यावी आणि तसं पावतीवर लिहून घ्यावं.

आणि संमेलनात एखादी मुलगी नर्स आहे असं कळलं, तर पगार विचारण्याआधी तिला बसायला खुर्ची द्या. ती रात्रभर उभी राहून आलेली असेल.

संवत्सरीला आपण सगळ्या जिवांना मिच्छामि दुक्कडम् म्हणतो. त्यात दवाखान्यातली सिस्टरही येते. तिला खमावण्याआधी यंदा घरातल्या पुरुषांकडून तिचं पगारपत्रक मागून घ्या, आणि ते स्वतः वाचा.