विश्लेषण : ज्वारी-बाजरीची भाकरी खरोखरच ‘ग्लुटेनमुक्त’ असते का?

भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून जाहीर केले. त्यानंतर ज्वारी, बाजरी, नाचणीची पिठे, बिस्किटे, शेवया ‘ग्लुटेनमुक्त’ आणि ‘पौष्टिक’ अशा दुहेरी शिक्क्यानिशी दुकानांत दिसू लागली. मात्र या दोन शब्दांचा अर्थ एक नाही.

ग्लुटेन म्हणजे काय?

गहू, जव (बार्ली) आणि राय या धान्यांतील प्रथिनांना ग्लुटेन म्हणतात. कणकेला चिवटपणा त्यामुळेच येतो आणि पोळी पातळ लाटता येते. ज्वारी-बाजरीत ग्लुटेन नाही, म्हणून भाकरी थापावी लागते. गरम पाण्याने पिठातील स्टार्च फुगतो आणि तोच पीठ बांधून ठेवतो. पीठ जुने झाले की त्याची विरी जाते, भाकरी थापताना चिरते. गव्हापुढे भाकरी मागे पडण्याचे एक कारण ही मेहनतही आहे.

ग्लुटेन कोणी टाळावे?

सीलिअ‍ॅक आजारात ग्लुटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावरच हल्ला करते. अन्नातील पोषण शोषले जात नाही. मुलांची वाढ खुंटते, रक्तक्षय होतो. ग्लुटेन आयुष्यभर पूर्ण वर्ज्य करणे हाच उपाय. गव्हाची अ‍ॅलर्जी असलेल्यांनीही गहू टाळावा लागतो. ज्यांना गहू पचतो, त्यांना केवळ ग्लुटेन नाही म्हणून वेगळा लाभ मिळत नाही.

मग अडचण कुठे आहे?

गिरणीत. गव्हाच्या दळणानंतर त्याच जात्यात ज्वारी टाकली तर आधीचे पीठ तिच्यात मिसळते. भारतात ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. चिमूटभर कणीकही ही मर्यादा ओलांडू शकते. म्हणून सीलिअ‍ॅकच्या रुग्णाचे धान्य घरघंटीत किंवा गहू न दळणाऱ्या गिरणीत दळावे. परात, चाळणी, पोळपाट आणि तवाही वेगळा ठेवावा.

पौष्टिकता कशामुळे?

धान्य अख्खे वापरल्यामुळे. तंतू, लोह, जीवनसत्त्वे यांचा मोठा वाटा कोंड्यात आणि अंकुरात असतो. पॉलिश केलेल्या वरीत किंवा बारीक चाळलेल्या पिठात तो घटतो. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, गव्हाच्या कितीतरी पट. पण धान्यातील फायटेट हा घटक लोह, कॅल्शियम शोषू देत नाही. भिजवणे, मोड आणणे, आंबवणे यांनी तो कमी होतो. नाचणीचे सत्त्व आणि आंबील यांमागचे शास्त्र हेच. बाजरीत स्निग्धांश अधिक असल्याने तिचे पीठ लवकर कडू पडते. ते थोडेथोडेच दळून आणावे.

ग्राहकाने काय पाहावे?

पाकिटावरील घटकांची यादी. त्यात घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिणे बंधनकारक असते. ‘नाचणी बिस्किटां’च्या यादीत मैदा आणि साखर आधी आली, तर त्यात नाचणी नावापुरतीच आहे असे समजावे. मैदा असलेले बिस्कीट सीलिअ‍ॅकच्या रुग्णासाठी तर धोक्याचेच आहे.