शाईचे डाग

हिंगोलीच्या एका भगिनीनें विचारलें आहे कीं, सासूबाईंच्या लग्नांतील रेशमी शालूवर नातवाच्या फौंटनपेनांतील शाई सांडली. शेजारणीनें धुण्याचें ब्लीच लावावयास सांगितलें आहे, तें लावावें काय? रेशमास व लोकरीस ब्लीच कदापि लावूं नये. हीं प्राणिज द्रव्यें होत. ब्लीचनें तीं पिवळीं पडतात, झिजतात व शेवटीं विरघळतात. डाग जाईल खरा, पण तेवढ्या जागचा शालूहि त्याबरोबर जाईल.

प्रथम शाई कोणती, तें पाहावें. जुनी निळी-काळी शाई हिराकस व हिरड्यासारख्या तुरट फळांचा काढा यांची केलेली असे. ती मूळची फिकट. हवेंतील प्राणवायु लागला म्हणजे लोह व कषायद्रव्य यांचा संयोग पुरा होऊन ती काळी व पक्की होते. लिहितांना अक्षर दिसावें म्हणून तींत निळा रंग घालीत. अशा डागावर, सुती कापडावर कां होईना, ब्लीच घातलें कीं निळा रंग उडतो व लोह मागें राहून गंजासारखा तांबूस डाग उरतो. साबणाचा क्षारहि ह्या शाईस पक्कीच करतो. येथें आंबटच पाहिजे. लिंबाचा रस व मीठ लावून तासभर ठेवावें आणि भरपूर थंड पाण्यानें धुवावें. पूर्वीच्या बायका असें कापड आंबट ताकांत भिजत घालीत, त्यांतील मर्म हेंच. मात्र लिंबू व ब्लीच हीं एकत्र कधींहि येऊं देऊं नयेत. त्यांतून क्लोरीन हा विषारी वायु सुटतो, आणि आपलीं न्हाणीघरें बंदिस्त असतात.

दांडेकर बंधूंनीं १९३१ सालीं मुंबईंत शाईचा धंदा आरंभिला. त्यांची घोडाछाप शाईची पूड व पुढें उंटछाप शाई मराठी घरांत ओळखीची झाली. आज शाळकरी मुलें वापरतात ती निळी शाई बहुधा पाण्यांत विरघळणाऱ्या रंगाची असते. ती ओली असतांनाच टीपकागदानें टिपावी, चोळूं नये. मग कापड उलटें धरून मागल्या बाजूनें थंड पाण्याची धार सोडावी. सदर भगिनींनीं हेंच करावें. पण आधीं पदराच्या आंतल्या कोपऱ्यावर पाणी लावून शालूचा स्वतःचा रंग सुटत नाहीं ना, तें पाहावें.

बॉलपेनची शाई चिकट व तेलकट. तिला पाणी कांहीं करीत नाहीं, स्पिरिट लागतें. खालीं जुनें फडकें घालून कापसानें टिपीत जावें व फडकें वरचेवर बदलावें. काजळ व डिंक यांची शाई मात्र कोणत्याहि आम्लास दाद देत नाहीं, कारण काजळी विरघळतच नाहीं. आमच्या सिद्धेश्वरास पूर्णेवरील धरण १९६० च्या दशकांत पुरें झालें. त्या काळीं अशा कामांचे नकाशे ट्रेसिंगच्या कापडावर काळ्या शाईनें काढीत, तें तिच्या ह्याच गुणामुळें. धोतरावर तिचा डाग पडल्यास भाताची पेज व साबण यांनीं चोळून जेवढा निघेल तेवढा काढावा आणि तें धोतर घरांत नेसावें.

आतां लाकूड. जुन्या मेजांचें पॉलिश बहुधा लाखेचें असतें व लाख स्पिरिटांतच विरघळवितात. म्हणून मेजावरील बॉलपेनच्या रेघेवर स्पिरिट चोळणारास रेघेऐवजीं पांढुरका चट्टा मिळतो. तेथें ओलसर फडकें व फार तर थोडें गोडेतेल, एवढ्यावरच थांबावें. पॉलिश नसलेल्या पाटावर किंवा फळीवर जुन्या शाईचा काळा डाग असल्यास कपभर कोमट पाण्यांत पाव चमचा ऑक्झॅलिक अ‍ॅसिड विरघळवून ब्रशानें लावावें. ओल्या सागवानांत खिळ्याभोंवतीं पडणारें काळें कडेंहि ह्याच उपायानें जातें. लाकडांतील कषायद्रव्य व खिळ्याचें लोखंड मिळून तेथें शाईच तयार झालेली असते! नंतर दोनतीनदां स्वच्छ पाण्यानें पुसून फळी सावलींत वाळवावी. हें अ‍ॅसिड विषारी असून दिसण्यांत साखरेसारखें असतें. काम करतांना हातमोजे घालावे, आणि पुडी स्वयंपाकघरांत न ठेवतां नांव लिहून कुलपांत ठेवावी.

पुढील अंकीं विड्याच्या व काताच्या डागांविषयीं.