जमिनीखालच्या पाण्याचा हिशेब मागा!

१८६८ साली महात्मा जोतीराव फुले यांनी पुण्यातील आपल्या घराचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. ते पाणी दिसत होते आणि अडविणारेही दिसत होते. आज पुण्यात बोअरने उपसले जाणारे पाणी डोळ्यांआड आहे. म्हणून त्याचे मोजमाप हा केवळ तंत्रज्ञांचा विषय नाही, समतेचा प्रश्न आहे.

पुणे बेसाल्ट खडकावर वसले आहे. पाणी साठते ते त्याच्या भेगांत आणि सच्छिद्र थरांत. जमिनीत सळया रोवून वीजप्रवाह सोडला की कोरडा, घट्ट खडक जास्त विरोध करतो, पाण्याने भरलेला थर कमी. हीच मोजणी त्याच जागी पावसाळ्याआधी आणि नंतर केली, तर पाणी कोठे मुरले, कोठे आटले याचा अंदाज येतो. ओली मातीही फसवते, म्हणून विहिरींच्या पातळीशी ताळा घ्यावा लागतो. २००२ साली सोडलेल्या ग्रेस उपग्रहांनी गुरुत्वाकर्षणातील बदलांवरून पंजाब, हरियाणा, राजस्थानातील भूजलाची घट दाखविली. परंतु आकाशातून वस्तीचा हातपंप दिसत नाही. त्यासाठी जमिनीवरच मोजावे लागते.

ही मोजणी एक सत्य सांगते: खालचा पाणीसाठा सातबारा पाहून थांबत नाही. पण १८८२ च्या इझमेंट कायद्यापासून ‘जमीन ज्याची, पाणी त्याचे’ हीच रीत चालत आली. ज्यांना शतकानुशतके जमीनच नाकारली, त्यांचा वाटा कोणता? सार्वजनिक पैशातून पाणी जिरवायचे आणि खोल बोअर परवडणाऱ्याने ते उपसायचे, हा कुठला न्याय? महाराष्ट्राचा भूजल कायदा २००९ चा, अंमलात आला २०१४ साली. ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर त्यात बंधने आहेत. कागदावरची बंधने मोटार बंद करीत नाहीत.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे मुख्यालय पुण्यातच आहे. कार्यकर्त्यांनी मागणी करावी: पुनर्भरणाच्या प्रत्येक कामाआधी व नंतर मोजणी व्हावी, किती मुरले आणि कोणी किती उपसले याचे आकडे मराठीत वस्तीच्या फलकावर लागावेत. आकडा हाती नसेल तर अन्याय सिद्ध करता येत नाही. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा यातले ‘शिका’ येथेही लागू आहे.