चंक्रमणाचा उपदेश आणि देशपरीक्षा

‘रोज अर्धा तास फिरावयास जात जा’ असा उपदेश आपण सारेच वैद्य ज्येष्ठांना करतो. पुढील भेटीत त्यांनी तो पाळला नाही असे कळले, की आळसाचा ठपका ठेवून मोकळे होतो. आम्हीही वर्षानुवर्षे हेच करीत आलो. परंतु सम अग्नी आणि निरोगी सांधे असलेल्या सत्तरीतील एका गृहस्थांनी ‘वैद्यराज, चालायला मी तयार आहे, पण चालू कुठे?’ असे विचारले, तेव्हा आम्ही निरुत्तर झालो. त्यांच्या दारातील पदपथावर दुचाक्या उभ्या, पुढे उघडे गटार आणि बाग मोठ्या रस्त्याच्या पलीकडे!

देहाला फार पीडा न देणारे चंक्रमण आयुष्य, बल, मेधा व अग्नी यांना हितकर असून इंद्रियांना जागृत करते, असे सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात (अध्याय २४) सांगितले आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात (अध्याय ८) दशविध परीक्ष्य विषयांमध्ये ‘देश’ येतो आणि देश म्हणजे भूमी व आतुर हे दोन्ही. यांपैकी आतुराची परीक्षा आपण कसोशीने करतो. भूमीची मात्र जांगल, आनूप, साधारण एवढ्यावरच आटोपतो. आजच्या नगरवासी ज्येष्ठाची भूमी म्हणजे त्याची गल्ली, पदपथ, चौक आणि बसावयास मिळणारा बाकही होय.

एक साधे गणित पाहावे. रस्ता ओलांडण्याचा वेळ ठरविताना सेकंदाला १.२ मीटर ही चाल अनेकदा गृहीत धरली जाते. त्या हिशेबाने १८ मीटर रुंद रस्त्याला १५ सेकंद पुरतात. सेकंदाला ०.९ मीटर चालणाऱ्या, अन्यथा निरोगी, ज्येष्ठाला मात्र २० सेकंद लागतात. उरलेले ५ सेकंद तो वाहनांच्या मध्ये उभा असतो. असा अनुभव दोनदा आल्यावर तो घरी बसला, तर दोष कोणाचा?

परिसराची अशी पाहणी करणारी ‘नेबरहूड एन्व्हायर्नमेंट वॉकेबिलिटी स्केल’ ही प्रश्नावली अमेरिकेत २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. दुकानांचे अंतर, पदपथ, रहदारी, सुरक्षितता यांविषयी ती विचारणा करते. आपल्याकडे तिच्यात भटकी कुत्री, पावसाळ्यातील चिखल, देवळापर्यंतची वाट यांची भर घालावी लागेल.

आमची सूचना अशी की, सभासद वैद्यांनी साठीपुढील स्वस्थ व्यक्तींच्या रुग्णपत्रिकेत भूमिपरीक्षेचा एक रकाना वाढवावा आणि पाऊलमापकाने आठवडाभराची पावले मोजावीत. वर्षा ऋतूत व्यायाम वर्ज्य सांगितला असल्याने एकाच ऋतूतील मोजणी फसवी ठरेल. ती हेमंतातही करावी. निष्कर्ष काढताना सावधगिरीही हवी. चालण्याची आवड असणारे लोक मुळातच बागेजवळ घर घेतात. त्यामुळे बाग आणि चालणे एकत्र आढळले, तरी बागेनेच चालविले असे लगेच म्हणता येत नाही. म्हणूनच एखाद्या वस्तीत नवा पदपथ होण्यापूर्वीची व नंतरची मोजणी अधिक मोलाची ठरेल.

स्वस्थाचे स्वास्थ्यरक्षण हे आयुर्वेदाचे पहिले प्रयोजन. पदपथ बांधणे वैद्याच्या हाती नाही, हे खरे. पण ज्याची वाट आपण पाहिली नाही, त्याला आळशी म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे आम्हांस वाटते.