घटपर्णीला खत नको

विज्ञानाच्या पुस्तकात घटपर्णीचे चित्र दिसले की वर्गातले एखादे मूल हमखास विचारते, "हे झाड घरी लावता येईल का?" येईल. मोठ्या शहरांतल्या नर्सरींत ते टांगत्या कुंडीत विकत मिळते. पण घरी आल्यावर ते बहुतेक वेळा हयगयीने नाही, तर मायेने मरते.

आपल्या घरांतली रीत आपल्याला ठाऊक आहे. अम्मी किंवा दादी मटण धुतलेले पाणी गुलाबाच्या मुळाशी ओततात, मोगऱ्याला शेणखत घालतात, आणि झाडे फुलतातही. घटपर्णीला हे दोन्ही जहर. ती मूळची निकस जमिनीतली. मुळांना जे नत्र मिळत नाही, ते ती पानांनी कमावते. पानाच्या टोकाला झाकणाचा घडा धरतो, त्याच्या काठावर गोड रस सुटतो, मुंगी घसरून आत पडते आणि आतल्या पाचक द्रवात विरघळते. अशा झाडाच्या मुळाशी खत घातले की नाजूक मुळे जळतात.

म्हणून कुंडीत बागेची माती किंवा गांडूळखत घालू नये. नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि परलाइट, मिळाल्यास स्फॅग्नम मॉस, एवढे पुरे. सोडणात मीठ असते; ते दोन-तीन पाण्यांत भिजवून धुवावे. कुंडीला भोके हवीत, आणि खाली पाण्याने भरलेली ताटली ठेवू नये. मिश्रण ओलसर असावे, चिखल नसावा.

पाणी पावसाचे सर्वांत चांगले. पहिली सर वाहू द्यावी, मग स्वच्छ बादलीत धरून घट्ट झाकून ठेवावे, म्हणजे डास होणार नाहीत. ते संपले तर आरओचे पाणी चालते. बोअरचे क्षारयुक्त पाणी नको.

जागा पूर्वेच्या खिडकीची. सकाळचे कोवळे ऊन आणि दिवसभर भरपूर उजेड मिळावा. दुपारच्या उन्हाने पाने करपतात. घडे धरायला हवेत दमटपणाही लागतो. कोकणात तो आहेच. मराठवाडा-विदर्भात एप्रिल-मेमध्ये घडे धरले नाहीत तरी पाने हिरवी असतील तर घाबरू नये. सावलीत ठेवावे, पाण्याचा फवारा द्यावा आणि पावसाची वाट पाहावी.

मुलांना माश्या मारून घड्यात टाकण्याची भारी हौस असते. त्यांना समजावावे: महिन्याला एखादा लहान किडा पुष्कळ झाला. खिमा, अंड्याचा बलक असले काही टाकले तर घडा सडतो. घड्यातले पाणी ओतून टाकू नये. जुना घडा काही महिन्यांनी आपोआप वाळतो. पूर्ण वाळल्यावर तेवढाच कापावा. आणि घरातले डास कमी होतील म्हणून हे झाड आणू नये. त्याच्या घड्यात पडतात त्या मुख्यतः मुंग्या.

एक गोष्ट विकत घेतानाची. भारतात घटपर्णीची एकच जात रानात उगवते, ती मेघालयात, खासी, जैंतिया आणि गारो टेकड्यांवर. गारो लोक तिला 'मेमंग-कोक्सी' म्हणतात, म्हणजे भुताची टोपली. बाघमाराजवळ तिच्यासाठी राखीव अभयारण्य आहे. खाणी, जंगलतोड आणि रोपे उपटून नेणे यांमुळे ती दुर्मिळ झाली. वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला संरक्षण आहे, आणि रानातून काढलेल्या रोपांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला 'साइट्स' करारानुसार बंदी आहे. नर्सरीत सहसा मिळते ती 'व्हेंट्राटा', फिलिपिन्समधल्या जातींचा संकर. ती छाटकलमाने वाढते आणि नवशिक्याला सोपीही जाते. नर्सरीवाल्याला स्पष्ट विचारावे, "रोप कलमाचे की रानातले?" उत्तर गुळमुळीत आले तर रिकाम्या हाताने परतावे, आणि का परतलो ते सोबतच्या मुलाला वाटेत सांगावे.