जोसनच्या दरबारात अरेतुरे

पुणे-सोलापूर रस्त्यावर यवत मागे पडलं की भांडगाव येतं. तुकोबांची पालखी वरवंडकडे जाते ती इथूनच. या गावातल्या आमच्या घरी रात्रीची जेवणं उरकली की माझी पुतणी तांब्याला मोबाइल टेकवते आणि कोरियन ऐतिहासिक मालिका लावते. आवाज कोरियन, खाली इंग्रजी सबटायटल, आणि शेजारी बसलेल्या माझ्या आईसाठी पुतणीचं चालू मराठी भाषांतर.

परवा एका प्रसंगात दासी मालकिणीपुढे कमरेत वाकून काही बोलली. पुतणीने खालची ओळ वाचून सांगितलं, “तुझी काही चूक नाही, असं म्हणतीय.” आई लगेच म्हणाली, “एवढी वाकून बोलतीय, आन् तू तिच्या तोंडी अरेतुरे घालतीस व्हय?”

आईला कोरियन येत नाही, इंग्रजीही नाही. तरी भाषांतरातली चूक तिनेच पकडली. ती चूक पुतणीचीही नव्हती. इंग्रजीत राजाला, दासीला आणि कुत्र्याला एकच ‘यू’ पुरतो, त्याची होती. म्हणून माझं म्हणणं असं, की या मालिकांना मराठी सबटायटल हवीत. हे बोललं की तीन आक्षेप हमखास येतात.

पहिला आक्षेप म्हणजे, आपला इतिहास सोडून परक्यांचे राजे कशाला? पण सोडला कुणी? दौंडहून भीमा ओलांडली की पेडगावचा बहादूरगड आहे. १६८९ साली कैद झालेल्या संभाजीराजांना तिथेच औरंगजेबापुढे आणलं. ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ २०१७ ते २०२० या काळात चालू होती, तेव्हा हीच आई आणि हीच पुतणी याच ओसरीवर बसून ती बघत होत्या. त्यात संभाजीराजे झालेले अमोल कोल्हे २०१९ साली शेजारच्या शिरूर मतदारसंघातून खासदार झाले. इतिहासाची गोडी ही काही भावकीतली जमीन नाही, की एकाला दिली म्हणजे दुसऱ्याची कमी झाली.

उलट परक्या दरबारातून आपल्या दरबाराचे प्रश्न सुचतात. १४०४ साली जोसनचा, म्हणजे जुन्या कोरियन राज्याचा, राजा तेजोंग शिकारीत घोड्यावरून पडला आणि उठता उठता म्हणाला, हे इतिहासकाराला कळू देऊ नका. इतिहासकाराने पडणंही लिहिलं आणि ही ताकीदही लिहिली. हे ऐकल्यावर पुतणीने विचारलं, “आपल्याकडे असं कोण लिहायचं?” उत्तर अष्टप्रधानांत सापडतं. राजाच्या रोजच्या घडामोडींची नोंद ठेवणं हे मंत्र्याचं, म्हणजे वाकनिसाचं काम. शिवरायांच्या वेळी ते दत्ताजी त्रिंबकांकडे होतं. कोरियाला गेलेला प्रश्न असा रायगडावर परत आला.

दुसरा आक्षेप, हा इतिहास नव्हेच, रेशमी कपड्यांतली प्रेमकथा आहे. यातलं अर्धं मला मान्य आहे. दूरदर्शननेही हिंदीतून दाखवलेली ‘दे जांग गुम’ ५४ भागांची. राजा जुंगजोंगच्या काळातल्या दरबारी नोंदींत जांगगुम नावाच्या वैद्य स्त्रीचे उल्लेख मोजके आहेत. बाकी सगळी कल्पना. पण तिकडचा प्रेक्षक हे डोळे मिटून गिळत नाही. २०२१ साली ‘जोसन एक्सॉर्सिस्ट’मध्ये कोरियन दरबारात चिनी धाटणीचे पदार्थ आणि सामान दिसलं, इतिहासाची मोडतोड झाली म्हणून गदारोळ उठला आणि मालिका दोन भागांत बंद पडली. बंद पाडणं मला टोकाचं वाटतं, पण प्रेक्षक जागा होता हे खरं. आपल्यालाही खरं-खोटं निवडायचं असेल, तर आधी पडद्यावरचं बोलणं नीट कळायला हवं.

तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे. इंग्रजी सबटायटल आहेतच की, शिवाय पोरांचं इंग्रजी सुधारतं. मालिका दाखवणाऱ्या ‘विकी’सारख्या संकेतस्थळावर हौशी मंडळींनी बिनमोबदला ओळी लिहिल्या म्हणून या मालिका जगभर पोचल्या, हे उपकार मोठेच. पण इंग्रजी ओळ इंग्रजी प्रेक्षकासाठी असते. कोरियन ऐतिहासिक मालिकांत बहीण थोरल्या भावाला ‘ओराबोनी’ म्हणते. इंग्रजीत बहुधा त्याचं नुसतं नाव येतं. आपल्याकडे ‘दादा’ तयार आहे. अमीर-उमरावाला नोकर ‘नाउरी’ म्हणतो. आपण ‘सरकार’ म्हणू. तू, तुम्ही आणि आपण या तीन पायऱ्यांवर आपलं रोजचं बोलणं चढतं-उतरतं, कोरियनचंही तसंच. आणि कोरियन वाक्यात क्रियापद शेवटी येतं, मराठीसारखंच. भर दरबारात प्रधान बोलायला उभा राहतो, तेव्हा तो होकार देतो की नकार हे वाक्य संपेपर्यंत कळत नाही. इंग्रजी ओळ ते अर्ध्यातच फोडते. मराठी ओळ राजाइतकंच प्रेक्षकालाही ताटकळत ठेवील.

हिंदीतही या पायऱ्या आहेत, हे कबूल. पण हिंदीत बहुतेकदा आवाजच बदलून मिळतो, आणि नटाचा आवाज गेला की निम्मा अभिनय गेला.

एक धोका मात्र आहे. मराठी करायचं म्हणून जोसनचा सातारा करू नये. तिथे राणीला ‘मामा’ म्हणतात. आई पहिल्यांदा खूप हसली, चौथ्या भागापासून तीच “आता मामा चिडणार” म्हणायला लागली. असे शब्द तसेच ठेवावेत, एकदा अर्थ सांगावा आणि पुढे जावं. कोरियन वाकण्याला मुजरा म्हणू नये.

हे काम अवघडही नाही. रांजणगावच्या एमआयडीसीत कोरियन कंपनीचा कारखाना चालतो, पुण्यात मराठी मुलं कोरियन शिकतात. मालिका दाखवणाऱ्या कंपन्यांनी त्यांना योग्य मोबदला देऊन बसवावं. आणि प्रेक्षकांनी ही मागणी मराठीतच करावी.

‘ट्री विथ डीप रूट्स’ ही २०११ ची मालिका राजा सेजोंगची. सामान्य माणसाला वाचता-लिहिता यावं म्हणून त्याने २८ अक्षरांची नवी लिपी घडवली आणि १४४६ साली ती प्रजेला दिली. चिनी अक्षरं असताना वेगळी लिपी कशाला, म्हणून त्याच्याच दरबारातल्या विद्वानांनी विरोध केला होता. ही गोष्ट भांडगावात आम्ही इंग्रजी अक्षरांतून बघितली. आईने एकही अक्षर न वाचता बघितली.

सेजोंगची लिपी सरकारी कागदावर यायला १८९४ साल उजाडलं. मराठी सबटायटलला एवढा वेळ लागायचं काही कारण नाही.