जखम हळद नाही, शरीर भरतं

सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच्या कितीतरी आधी हळदीचा एक लढा अमेरिकेत झाला होता. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट १९९५ साली मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं. आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना त्याला आव्हान दिलं. जुने ग्रंथ आणि १९५३ सालचा एक वैद्यकीय लेख पुढे ठेवला. १९९७ साली पेटंट रद्द झालं.

अभिमानाचीच गोष्ट. पण हे ज्ञान नवं नव्हतं, एवढंच त्या निकालानं सांगितलं. कोयत्याच्या उघड्या जखमेत डब्यातली हळद कोंबा, असं सांगितलं नाही.

जखम भरतं ते शरीर. कापल्याबरोबर रक्तातले प्लेटलेट नावाचे बारीक कण एकमेकांना चिकटतात, धाग्यांची जाळी होते आणि रक्त थांबतं. पुढचे काही दिवस पांढऱ्या पेशी जंतू आणि मेलेला भाग खातात. थोडी लाली, सूज, ठणका त्यामुळेच असतो. मग दुसऱ्या पेशी कोलॅजनचे धागे विणतात, नव्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि तळाशी लाल, दाणेदार मांस धरतं. ते भरण्याचं लक्षण आहे, खरवडू नका. शेवटी कडेच्या कातडीच्या पेशी सरकत मध्ये येतात. ओलाव्यात त्या लवकर सरकतात, म्हणून स्वच्छ पट्टीनं झाकलेली जखम लवकर भरते.

हळद, चुना, तंबाखू, राख या पेशींच्या कामात अडथळाच आणतात. सोबत जंतू जातात, धनुर्वाताचा धोका वाढतो आणि दवाखान्यात जखमेचा तळही दिसत नाही. हळद भाजीत घाला. जखमेवर स्वच्छ कापड दाबून रक्त थांबवा, वाहत्या स्वच्छ पाण्यानं धुवा, झाका आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारायला सरकारी दवाखान्यात जा.

अंडं-मटण खाल्लं की जखमेत पू होतो, असं घरोघरी सांगतात. ते खोटं आहे. कोलॅजन प्रथिनांपासूनच बनतं. अंडी, डाळ, शेंगदाणे, सुकट, जोडीला लिंबू, पेरू, आवळा खा. मिश्री आणि तंबाखू मात्र बंद ठेवा. त्यानं रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेला रक्त कमी पोचतं. साखरेचा आजार असेल, तर पायाची लहान जखमही त्याच दिवशी दाखवा. लाली पसरली, पू किंवा ताप आला, दोन आठवड्यांत जखम भरत नसली, तरी थांबू नका.

हे सगळं सांगूनही माणसं हळदच भरतात, त्यामागं केवळ अडाणीपणा नाही. ऊसतोडीत दवाखान्याला गेलं की खाडा पडतो. हळद खोपीतच असते. म्हणून माझं म्हणणं साधं आहे. सातारा-सांगलीतल्या प्रत्येक साखर कारखान्यानं प्रत्येक टोळीला प्रथमोपचाराची पेटी द्यावी आणि जखमी माणसाचा खाडा लावू नये. हळदीच्या हक्कासाठी देश अमेरिकेपर्यंत भांडला. आपल्या हाता-पायांसाठी आपण निदान कारखान्याच्या गेटपर्यंत तरी जाऊ.